हिला पाय कुठं हायेत

जागा आता सांगायला काही हरकत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला पाण्याची जुनी टाकी आहे. तिच्या डाव्या हाताला शेळ्यांची पायवाट लागते. ती धरून धावड्याच्या तीन झाडांपर्यंत जायचं, तिथून उतारानं पन्नासेक पावलं खाली, आणि मोहाच्या झाडापाशी कमरेएवढं लाल वारूळ. श्रावणात चार दिवस, फार तर पाच, त्या वारुळाच्या पायथ्याशी अळंबी यायची. एवढं कळायला मला तेवीस वर्षं लागली. टाकी अजून आहे, बाकी काही राहिलेलं नाही.

मी राजेश्री. बोरीच्या बाजारातून डोंगराकडं निघालं की शेवटी जी वाडी लागते, ती आमची. दहावी झालेली सून म्हणून मी इथं आले, त्यामुळं कुठला फॉर्म भरायचा असला की अख्खी वाडी माझ्या दारात येते. दिवाळी झाली की मी आणि आमचे मालक, शिवप्रसाद, ऊसतोडीला जातो आणि चैत्रात परत येतो. घर सांभाळतात माझ्या सासूबाई, दगडाबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

अळंबीची जागा आत्यांना माहीत आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. जागा कुठं आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. श्रावणात वीज कडाडून गेली की दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत आत्या टोपली घेऊन निघायच्या आणि लोक तोंड धुवायला अंगणात येईपर्यंत परत यायच्या. टोपलीवर पळसाची पानं झाकलेली. पाय घोट्यापर्यंत लाल, आणि चपला हातात.

नवी नवरी होते तेव्हा मी विचारलं होतं, "आत्या, चपला हातात काहून?"

"वारुळापाशी चपला घालून जात न्हाईत. नागपंचमीला जातीस का घालून?"

जागेबद्दल त्यांनी मला सांगितलं ते एवढंच. बाकीचं मी त्यांच्या बोलण्यातून टिपलं. दिवस वर यायच्या आत खुडायची. सगळी खुडायची नाही. सगळ्यात मोठी, छत्री पूर्ण उघडलेली, ती माय. तिला हात लावायचा नाही, ती तिथंच विरून जाऊ द्यायची, म्हणजे पुढच्या वर्षी लेकी येतात.

जागा सांगायची रीतही ठरलेली होती. सासूनं सुनेला सांगायची, तीही स्वतःचे पाय थकल्यावर, आणि सांगताना शपथ घालायची. ही शपथ पहिल्यापासून नव्हती. आत्यांच्या जाऊबाई नर्मदाबाई यांनी एकदा माहेरी बोलता बोलता दुसऱ्या एका वारुळाची जागा सांगून टाकली. पुढच्या श्रावणात माणसं पोती घेऊन आली. वर होती ती अळंबी नेलीच, आत आणखी असेल म्हणून कुदळीनं वारूळ फोडलं. तिथं पुन्हा कधी काही उगवलं नाही. त्यानंतर आत्यांच्या सासूबाईंनी आत्यांचा हात वारुळाच्या मातीवर ठेवून त्यांना पोटच्या पोराची शपथ घातली. पोटचं पोर म्हणजे आमचे मालक, तेव्हा पाळण्यात होते.

खरं सांगते, मला राग यायचा. ह्या घराची भांडी घासली, लेकरं वाढवली, ह्यांच्या बरोबरीनं ऊस तोडला, आणि चार दिवसांच्या भाजीची जागा सांगायला मी परकी! कधीकधी वाटायचं, आपणच मागोमाग जावं. पण तेवढी हिंमत झाली नाही, आणि आत्यांच्या हातची ती भाजी ताटात पडली की राग विसरून जायचा.

मागच्या वर्षी आषाढात डोंगरावर खाण येणार अशी खबर आली. रस्त्याच्या कामाला गिट्टी हवी होती आणि आमचा डोंगर आतून सगळा काळ्या दगडाचा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. त्याच सुमारास परभणीहून एक मुलगी आली, ज्ञानेश्वरी नावाची. गावात कोणती झाडं आहेत, कोणते प्राणी, कोणती कंदमुळं, ह्याची वही करायचं तिचं काम. त्यासाठी पंचायतीची एक समिती असते आणि तिच्यात बायका असाव्या लागतात, म्हणून माझं नाव घातलेलं होतं. तोपर्यंत त्या समितीत मी फक्त सह्या केल्या होत्या.

ज्ञानेश्वरी पंचवीस-सव्वीसची असेल. पायात बूट, पाठीला पिशवी, आणि बोलणं एकदम सरळ. पंचायतीच्या ओट्यावर ती वही वाचून दाखवत होती, तेव्हा कोणीतरी अळंबीचं नाव काढलं. तिचे डोळेच मोठे झाले. कशी दिसते, मधोमध टोक असतं का, देठ जमिनीत किती खोल जातो, असं तिनं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "मला वाटते तीच असेल, तर ती फार थोड्या ठिकाणी उरली आहे. मला ती उगवलेली बघायची आहे. निदान जागा तरी."

सरपंच दिनकरराव खुर्चीत पुढं सरकले. माणूस वाईट नाही. "हे बगा मॅडम, मी कुनाच्या इरोधात न्हाई. वर काही दुर्मीळ निगालं आन तुमच्या वहीत तसं लिहून आलं, तर तेवढा उतार खाणीतून सोडायचा ठराव मी घेतो. माझा शब्द हाय. पण लिहून पायजे. उद्या वरचा सायेब इचारील उतार काहून सोडला, तर काय सांगू? दगडाबाई भाजी आनती म्हनून?"

लोक हसले. मी मात्र उठून घरी आले आणि आत्यांना सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. वहीत नाव आलं तर उतार राहतो, नाही आलं तर जातो. आत्या शेळीच्या पायात रुतलेला काटा काढत होत्या. काटा निघाला तशी त्यांनी शेळी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरी दारात उभी राहिली, तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चला." मी गोठ्यात होते. "राजेश्री, तू बी चल."

"मी कशाला आत्या? शेण पडलंय अजून."

"पडू दे. तू चल."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या मला संगं नेत होत्या. मी हात धुतले न धुतले आणि निघाले.

टाकीपासून आत्या उजव्या हाताला वळल्या. पूर्वेच्या अंगानं आम्ही तासभर चढलो, घाणेरीच्या जाळ्यांतून, कपडे फाडत. शेवटी एक वारूळ आलं. जुनं, पांढरं पडलेलं, वरून ढासळलेलं. आत्या त्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितं यायची."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. पायात चपला होत्या.

त्याच क्षणी मला कळलं. ही जागा नाही. ह्या वारुळात मुंग्यासुद्धा राहिल्या नसतील. ज्ञानेश्वरी गुडघ्यावर बसून माती उकरून बघत होती, वास घेत होती, आणि मी तिच्या पाठीमागं उभी राहून आत्यांच्या चपलांकडं बघत होते. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. वाटलं, परक्या पोरीला ह्यांनी खोटी जागा दाखवली, म्हणजे खरी माझ्यासाठी राखून ठेवली. मी घरची ठरले. मी तोंड मिटून घेतलं.

तीन दिवस आम्ही तिथं जात राहिलो. ज्ञानेश्वरी चिकाटीची होती. तिसऱ्या दिवशी दमून आम्ही एका खडकावर भाकरी खायला बसलो, तेव्हा तिनं मोबाइलमधला एक फोटो आत्यांच्या पुढं धरला. उंच, ओल्या कड्याच्या अगदी टोकाला एक शेळीसारखं जनावर उभं होतं.

"आजी, ही रानशेळी. नीलगिरी ताहर म्हणतात. दक्षिणेत उंच डोंगरावर असते."

आत्यांचा जन्म शेळ्यांमागं गेलेला. त्यांनी मोबाइल लांब धरून नीट बघितलं. "शेळी कशाची, बोकड हाय ह्यो. शिंगं बग किती जाड. पाठीवर पट्टा हाय." मग म्हणाल्या, "माणसं खात्यात का ह्याला?"

"आधी मारून खायचे. आता कोणी हात लावत नाही. लोक नुसते बघायला जातात."

"नुसतं बगायला?"

"हो. तिच्यासाठी डोंगर राखून ठेवलेत. दरवर्षी माणसं कड्याकड्यानं फिरून ती मोजतात."

"कड्यावरची शेळी मोजायची म्हंजे लयच झालं," आत्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो.

ज्ञानेश्वरी मात्र लगेच गंभीर झाली. "आजी, ही शेळी संपत आली होती. तुमची अळंबीपण तशीच संपत आली आहे. माझ्या मते दोघींना एकाच रांगेत बसवायला पाहिजे. पण शेळीचा फोटो निघतो. तिला शिंगं आहेत, डोळे आहेत, ती आपल्याकडं बघते. तिला बघून माणसाला दया येते. अळंबी वर्षातून चार दिवस वर येते आणि बाकी सगळं वर्ष मातीखाली असते. जी दिसतच नाही, तिच्यासाठी डोंगर कोण राखेल?"

आत्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. "तुज्या शेळीला पाय हायेत बाई. माणूस आला की ती कड्यावर चढती. हिला पाय कुठं हायेत? हिचे पाय म्हंजे आमचं तोंड. आमी गप बसलो की ही पळाली म्हनायची."

"पोती घेऊन आलेल्या माणसापासून पळेल, आजी. पण खाणीचं मशीन आलं तर? त्याला जागा माहीत असायची गरजच नाही. ते सगळा डोंगरच घेणार आहे. तेव्हा गप बसून ती कुठं पळेल?"

आत्यांनी हातातली भाकरी मांडीवर ठेवली. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. चांगलं रोखून, डोळ्यांत डोळे घालून बघितलं. मला वाटलं, त्यांना ठसका लागलाय. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती घेतली, दोन घोट प्यायल्या, आणि खाली मान घालून भाकरी संपवली.

त्या संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर ज्ञानेश्वरीनं वहीत लिहिलं: अळंबी, वारुळावरची. पूर्वी येत असे. आता आढळ नाही. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आत्यांनी अंगठा लावला, समितीच्या रकान्यात मी सही केली. माझी सही वळणदार आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. जाताना ज्ञानेश्वरीनं आत्यांचे पाय धरले आणि म्हणाली, "उशीर झाला आजी आपल्याला." आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी विजा कडाडल्या. सकाळी मी चूल पेटवत होते, तेव्हा आत्या आल्या. चपला हातात, पाय लाल. टोपली त्यांनी ओट्यावर ठेवली, रस्त्याच्या बाजूला, अगदी कडेला. तिच्यावर पानं नव्हती. पांढऱ्या, टोकदार, ओल्या मातीच्या वासाच्या अळंब्या काठोकाठ भरलेल्या, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही दिसाव्यात अशा. आत्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मी धावत गेले, टोपलीवर पदर टाकला आणि ती आत घेऊन आले.

"आत्या, आसं उगडं काय ठिवता? कुनी बगितलं म्हंजे?"

मी भाजी केली. कांदा, लसूण, तिखट, बाकी काही नाही. लेकरांनी ताटं चाटून पुसून घेतली, ह्यांनी दोनदा मागून घेतली, मीही खाल्ली. आत्या म्हणाल्या, पोट ठीक नाही. ग्रामसभेला अजून पाच दिवस होते.

ग्रामसभा अर्ध्या तासात उरकली. दिनकररावांनी वही सगळ्यांना दाखवली, तसं काही निघालेलं नाही म्हणाले, आणि हात वर करायला सांगितलं. मी समितीतली म्हणून पुढं बसले होते. मी पण हात वर केला.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गेलो. आठवड्यातून एकदा आत्यांशी फोनवर बोलणं व्हायचं. "हादरे बसायलेत," त्या म्हणायच्या. "भांडी वाजायलीत. शेळ्या भिऊन दूध चोरायल्यात, सोडंनात." मार्गशीर्षात म्हणाल्या, "झाडं पाडली वरची." पौषात म्हणाल्या, "गुडघे धरलेत, आता चालवत न्हाई लय." उसाच्या फडात मोळी बांधताना मी हे ऐकायचे आणि म्हणायचे, तेल लावून शेका, आम्ही येतोच आता.

चैत्रात आलो. आत्या निम्म्या झाल्या होत्या. काठीशिवाय अंगणसुद्धा ओलांडता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, ऊन तापायच्या आधी, त्या म्हणाल्या, "राजेश्री, चल. जागा दावते."

मी म्हटलं, "आत्या, तुमच्यानं चढवंल का?"

"पाय थकल्यावरच दावायची असती."

टाकीपासून त्या ह्या वेळी डाव्या हाताला वळल्या. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. शेळ्यांची पायवाट तीसेक पावलं होती आणि मग संपली. पुढं कुंपणाची तार होती, आणि तारेच्या पलीकडं डोंगरच नव्हता. उभी कापलेली काळी भिंत, खाली धूळ, धुळीत पिवळं मशीन. कड्यावर उभ्या असलेल्या त्या रानशेळीची मला आठवण झाली. तसाच कडा आता आमच्याकडंही झाला होता, पण त्याच्यावर काही उभं नव्हतं.

आत्यांनी काठी तारेला टेकवली. वाकल्या, तोल सावरला, आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. जमीन बारीक गिट्टीची, वरून तापायला लागलेली. त्यावर त्या अनवाणी उभ्या राहिल्या आणि हात लांब करून समोरच्या पोकळीकडं बोट केलं.

"त्यो धावडा व्हता, तीन झाडं. तितून खाली पन्नास पावलं. मोहाखाली. तितं." बोट त्या एका जागेवरून हलत नव्हतं. "मायला हात लावायचा न्हाई. दिवस वर यायच्या आत खुडायची." सगळं सांगून झाल्यावर त्या थांबल्या. शपथ मात्र घातली नाही.

मला रडू आलं. किती महिने पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. "आत्या, मला कळलं व्हतं. त्या दिवशी तुमच्या पायात चपला व्हत्या. मी बगितल्या व्हत्या."

आत्या माझ्याकडं वळल्या. "बगितल्या व्हत्या?"

"व्हय."

"मग बोलली काहून न्हाईस?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुमी माझ्यासाठी राखून ठिवायलात."

"आगं, तुला संगं कशाला नेली व्हती मी?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "माझ्या तोंडाला शिवप्रसादची शपथ व्हती. तुझं तोंड मोकळं व्हतं. तुला जागा सांगितली आसती तर तुला बी शपथ घालावी लागली आसती, मग बोलायला कोन ऱ्हायलं आसतं? म्हनून चपला घालून गेले. त्या खडकावर बसलो, तवा तुझ्याकडं बगितलं. शेवटी टोपली उगडी आनून ठिवली. म्हनलं, एवढी शिकलेली सून हाय, एक डाव तरी म्हनंल की आत्या खोटं बोलायल्यात."

खाली मशीन सुरू झालं. धूळ वर येऊन आमच्या पायांवर बसायला लागली. मी माझ्या चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. तळपाय भाजत होते.

मग आत्यांनी माझ्याकडं बघितलं. तसंच, खडकावर बघितलं होतं तसं, रोखून.

"आता पानी दे," त्या म्हणाल्या. मी बाटलीचं झाकण काढून ती त्यांच्या हातात दिली.